मिठागरातली हाक

त्या वर्षी ढग वेळेच्या बरेच आधी आले. वाफ्यांमध्ये मीठ पिकून बसलेलं, पाण्यावर पांढरी साय धरलेली, आता चांगलं ऊन मिळालं की ओढायला घ्यायचं, आणि आभाळाच्या कडेला मळक्या कापसासारखे ढग. मावशी खोपटाबाहेर आली, आधी तिकडे पाहिलं आणि मग तोंड धुतलं.

मावशी म्हणजे अख्ख्या मिठागराची मावशी. सख्खी कुणाचीच नाही, पण तिच्या जिभेचा मार सगळ्यांनी सख्ख्यासारखा खाल्लेला. घरात ती, तिचा मुलगा आणि सून. मुलाला सगळे तारवाला म्हणत, कारण मोडकं यंत्र दिसलं की त्याचे हात शिवशिवत. पाणी उपसायचा पंप, त्याला वीज देणारी सौरपाटी, सगळ्यांचे फोन, सगळं त्याच्या गळ्यात. सून कमी बोलायची. मावशी तिला सूनबाई म्हणायची, म्हणून शेजारच्या वाफ्यांवरचेही तिला सूनबाईच म्हणत. यात तिच्या नवऱ्याचीच पंचाईत व्हायची.

"परवा परीक्षा," तारवाला पेज पिता पिता म्हणाला. "आणि आभाळ बघ."

"आभाळ मी बघितलं. तू पेज पी."

"तिचे हात नसतील तर पहिले वाफे निघायचे नाहीत, आई."

"माझे हात काय भाड्यानं दिलेत? तिच्या वाटचं मी ओढीन."

सून चुलीपाशी वाकलेली होती. तिनं मान वर केली नाही, पण फुंकायचं मात्र थांबवलं.

मावशी असं म्हणाली खरी, पण सुरुवातीला सुनेच्या या अभ्यासाला सगळ्यात जास्त नाकं मुरडली होती ती तिनंच. फोनमधून शिकून कुणी शाळेची बाई होतं का, हा तिचा सवाल. मिठाचा हंगाम म्हणजे वर्षाचा मोठा तुकडा. माणसं गावातली घरं बंद करून इथे येऊन राहतात. इथे शाळा नाही, सावली नाही, गोडं पाणीसुद्धा टाकीतून येतं. म्हणून नात, एका जागी टिकत नाही म्हणून जिला भिंगरी नाव पडलं होतं, ती गावात सुनेच्या बहिणीकडे राहायची. हंगाम संपून घरी गेलं की भिंगरी पहिले काही दिवस आजीला परक्यासारखी दारामागून बघायची. मावशीला ते लागायचं. ती ते कुणाला बोलून दाखवत नसे, पोरगी आपल्या वळणावर गेली नाही एवढंच म्हणत असे.

मग शिक्षणाच्या कार्यालयातून कुणीतरी येऊन सांगून गेलं, की बालवाडीच्या बाईचा अभ्यास आता फोनवरून करता येतो, परीक्षाही फोनवरूनच. ज्या वस्तीत अशी पास झालेली बाई असेल तिथे पुढच्या हंगामापासून केंद्र उघडू.  सुनेनं नाव घातलं. म्हणजे ती पास झाली तर भिंगरी इथे येणार, नाही तर पुन्हा दारामागून बघणार. एवढं समजल्यावर मावशीचं नाक सरळ झालं.

फोनला रेंज मिळायची ती एकाच जागी, मोठ्या बांधावर, जुन्या पंपघराशेजारी. तारवाल्यानं तिथे गोणपाटाचा आडोसा उभा केला, काठीला फोन बांधायची सोय केली. पण बांधावर वारा असा, की कानाशी धरलेला फोनही ऐकू येईना. तेव्हा त्यानं कुठल्याशा भंगारातून एक भोंगा आणला आणि फोनला जोडला. झालं. सुनेबरोबर सगळं मिठागर शिकायला लागलं. वाफ्यात वाकून मीठ ओढणाऱ्यांच्या कानावर धड्यातल्या बाई पडायच्या, "मुलाला रागावताना उभं राहून रागावू नका. त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा." शेजारचा म्हातारा बोळका, त्याच्या तोंडात दात नाहीत म्हणून बोळका, हे ऐकून इतका हसला की टोपली सांडली. त्यानंतर तारवाल्याचं काही चुकलं की मावशी आधी उकिडवी बसायची, त्यालाही बसवायची, आणि मग शिव्या घालायची.

पहिले काही दिवस तर धडा लागला की ती डोक्यावरचा पदर सारखा करायची.

"आई, त्या बाईंना आपण दिसत नाही. हे आधी बोलून भरून ठेवलेलं असतं," सून म्हणाली.

"तुला काय माहीत? ती बरोबर माझ्याकडे बघते."

आता या मिठागराची एक रीत सांगायला हवी. दुपारी इथे उजेड खालूनही येतो. पांढऱ्या मिठावरून उलटून डोळ्यांत घुसतो. डोकं गरगरतं, आणि माणूस ओरडत वगैरे नाही, नुसता खाली बसतो आणि आडवा होतो. वाफ्यात पाणी बोटभरच असतं, पण पालथं पडलेल्याला तेवढं पुरतं. मावशीचा नवरा असाच गेला. त्या दुपारी बाकीची माणसं ट्रक भरायला गेली होती. त्याला हाक मारायला कुणी नव्हतं.

तेव्हापासून हाक मावशीकडे आली. काम चालू असताना मधूनमधून ती कंबर सरळ करायची आणि बांधाजवळच्या माणसापासून सुरुवात करून एकेकाला हाक मारायची. ज्याचं नाव घेतलं त्यानं "ओ" द्यायची. हातात काही असो, तोंडात घास असो, कुणावर रुसलेला असो, ओ द्यायची. एखाद्याची ओ आली नाही तर सगळ्यांनी हातातलं टाकून धावायचं. यात चेष्टा चालत नसे. एकदा एका तरण्याबांड गड्यानं गंमत म्हणून ओ दिली नव्हती. मावशी धावत त्याच्यापाशी पोचली आणि त्याला जी लगावली, ती तो अजून सांगतो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सुनेनं सगळ्यांना बोलावून नियम सांगितले. फोनसमोर एकटीनं बसायचं. पलीकडे एक बाई सतत बघत असणार, या खऱ्याच बघणार. उठायचं नाही, बोलायचं नाही, कानात काही घालायचं नाही. जवळ दुसरं माणूस दिसलं की परीक्षा बंद.

"म्हणून उद्या मला हाक मारू नका, आई," ती म्हणाली. "मला ओ देता येणार नाही."

"कळलं. तू उद्या हाकेत नाहीस."

"नक्की?"

"अगं, मला काय वेड लागलंय?"

मावशी रात्रभर ते घोकत राहिली. सूनबाई हाकेत नाही, सूनबाई हाकेत नाही.

सकाळी ढग थोडे मागे सरले होते, पण हवा दमट, अंगाला चिकटणारी. सून धुतलेलं पातळ नेसून बांधावर गेली. जाताना तिनं मीठ ओढायचं आपलं दंताळं खोपटाला टेकवून ठेवलं. मावशीनं ते बाजूला सारलं, आपलं जुनं, मुठीशी गुळगुळीत झालेलं दंताळं घेतलं आणि वाफ्यात उतरली. मिठाची साय फुटली की काचेसारखा आवाज होतो. फाटक्या बुटांतून टाचांच्या भेगांमध्ये खारं पाणी शिरलं आणि मावशीनं नेहमीप्रमाणे दात आवळले. ओढायचं, ढीग करायचा, पाणी निथळू द्यायचं, टोपली भरायची. सुनेच्या वाटचा वाफा आणि आपला वाफा. पाठीची काठी झाली, तरी तिला आज बरं वाटत होतं. भोंग्यातून परीक्षेवर नजर ठेवणाऱ्या चष्मेवाल्या बाईंचा आवाज आला, "सुरुवात करा." मग सगळं शांत.

मावशीनं हाक मारली. तारवाल्यानं ओ दिली. बोळक्यानं त्याची नेहमीची "व्होऽ" दिली. सूनबाईच्या जागी ती न बोलता पुढे गेली. पुन्हा एकदा तसंच. तिसऱ्या वेळीही जमलं. मावशीला आपलाच अभिमान वाटला.

ऊन चढलं. डोळ्यांपुढे पांढरं पांढरं व्हायला लागलं. हात आपोआप चालत होते, तोंडही. तिनं कंबर सरळ केली.

"तारवाल्याऽ!"

"ओऽ!"

"बोळक्याऽ!"

"व्होऽ!"

"सूनबाईऽ!"

ओ आली नाही.

मावशीच्या हातातून दंताळं सुटलं. ती धावत सुटली तेव्हा तिच्या डोक्यात परीक्षा नव्हती, फोन नव्हता, काही नव्हतं. एक बूट मिठात रुतून मागे राहिला. तारवाला मागून ओरडत होता, "आई! अगं आई, परीक्षा!" पण ते तिच्या कानावरून वाऱ्यासारखं गेलं. ती बांधावर चढली, गोणपाट बाजूला केलं, सुनेचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले आणि किंचाळली, "ओ का देत नाहीस गं!"

 सुनेला तोंडावर बोट ठेवायलाही सुचलं नाही.

फोनमध्ये चष्मेवाल्या बाई होत्या. त्या खरोखर बघत होत्या. मग भोंगा खरखरला आणि सगळ्या मिठागराला ऐकू गेलं, "परीक्षार्थीजवळ दुसरी व्यक्ती आढळली आहे. ती व्यक्ती परीक्षार्थीशी बोलली आहे. परीक्षा थांबवण्यात येत आहे." फोनचा पडदा पांढरा झाला. खाली वाफ्यांमध्ये माणसं होती तिथेच उभी राहिली.

मावशी मटकन खाली बसली.  सून उठली, काठीचा फोन सोडला, पदराला बांधला.

"दंताळं कुठे टाकलंत, आई?" ती म्हणाली. "चला, ढग येतायत."

संध्याकाळी पाऊस आला. ओढून बांधावर नेलेलं मीठ ताडपत्रीखाली वाचलं, वाफ्यांतलं विरघळून गेलं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पाणी कोंडा, पुन्हा वाट बघा. सून कामावर येत होती, हाकेला ओ देत होती. पण ती ओ कोरडी, मोजून दिल्यासारखी. मावशीला वाटे, हिनं दोन शिव्या घातल्या तर बरं. शेवटी एकदा पंपाशी पाणी भरताना तिनंच तोंड उघडलं.

"माझा राग आलाय ना तुला?"

"आलाय," सून म्हणाली. "जाईल. पण आत्ता आहे."

मावशीनं मान हलवली. तिला त्या सरळ उत्तरानं उलट धीर आला.

भिंगरीचा फोन आला तेव्हा मात्र तिला तोंड लपवावंसं वाटलं. "आजी, मी तुझ्याकडे कधी येऊ?" पोरगी विचारत होती. मावशी म्हणाली, "रेंज जातेय गं," आणि फोन सुनेच्या हातात दिला. रेंज चांगली होती.

मग कार्यालयातून निरोप आला. झाल्या प्रकाराबद्दल काही सांगायचं असेल तर अमुक दिवशी दुपारी फोनसमोर बसून सांगावं.

"काय सांगणार? त्यांनी डोळ्यांनी बघितलं," सून म्हणाली. "जाऊ दे."

"जाऊ कसं दे? खांदे मी हलवले. मी सांगणार."

"तुम्ही चिडाल, आई. त्यांच्यावर ओरडाल."

"उकिडवी बसून सांगेन," मावशी म्हणाली. तेव्हा कितीतरी दिवसांनी सुनेच्या ओठाचा कोपरा हलला.

त्या दुपारी मावशीनं हाक तारवाल्यावर सोपवली आणि सुनेबरोबर बांधावर गेली. पदर नीट केला. फोनमध्ये दोन चौकटी होत्या. एकीत चष्मेवाल्या बाई, दुसरीत एक साहेब. साहेब काही वाईट माणूस दिसत नव्हते, थकलेले दिसत होते.

"बाई, तुम्ही परीक्षेत शिरलात, परीक्षार्थीला काही सांगितलंत, अशी नोंद आहे," ते म्हणाले.

"शिरले, साहेब. पण सांगितलं काही नाही. आमच्याकडे हाक असते." मग मावशीनं सगळं सांगितलं. ऊन, पालथं पडलेलं माणूस, ओ. नवऱ्याचं तेवढं तिनं उरकून घेतलं.

"पण त्या परीक्षेला बसल्यात हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"रात्रभर घोकलं होतं. पण ओ आली नाही की माझे पाय माझं ऐकत नाहीत."

साहेबांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "मला वाईट वाटतं, बाई. पण असं कुणीही म्हणेल. प्रत्येकाची काही ना काही अडचण असते. मी कशावरून..."

"आईऽ!" खालून तारवाल्याची हाक आली.

"ओऽ!" मावशीनं साहेबांच्या तोंडावरच दिली. साहेब खुर्चीत मागे सरकले. मावशीला आपण काय केलं ते कळलंही नाही, ती पुढचं ऐकायला कान देऊन बसली होती.

"सूनबाईऽ!" नवरासुद्धा तिला हाकेत तेच म्हणायचा.

"ओऽ!" सून ओरडली, आणि मग साहेबांकडे बघून तिनं जीभ चावली.

खाली हाक पुढे चालली होती. बोळक्याची व्होऽ आली. त्याच्या पलीकडची आली. मग आणखी लांबची, वाऱ्यात अर्धी उडालेली.  बांधावरच्या दोघी फोनकडे बघत नव्हत्या, बाहेर बघत होत्या.

"झालं सगळ्यांचं?" चष्मेवाल्या बाईंनी हळूच विचारलं.

"शेवटच्या वाफ्यावरचा राहिलाय," मावशी म्हणाली. "थांबा जरा."

सगळे थांबले. साहेबही थांबले. बऱ्याच वेळानं, अगदी पुसट, ओ आली.

"हां. झालं," मावशी म्हणाली आणि श्वास सोडला. "बोला, साहेब."

पण साहेबांना काय बोलत होतो ते आठवेना. ते बाईंकडे वळले, दोघांचं काहीतरी खालच्या आवाजात झालं. मग ते म्हणाले, "राहिलेला पेपर पुन्हा द्यावा लागेल. नवे प्रश्न. नियम मात्र तेच. या वेळी कुणी आत आलं तर मला काही करता येणार नाही."

"नाही येणार," मावशी म्हणाली. एवढं छातीठोक म्हणाली आणि खाली उतरताना पुन्हा घोकायला लागली, सूनबाई हाकेत नाही.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी ती सगळ्यात लांबच्या वाफ्यात जाऊन उभी राहिली. हाकही तारवाल्याला द्यावी असं ठरलं होतं. पण ऐन सकाळी पंप अडला आणि तारवाला त्याच्या पोटात हात घालून बसला. हाक पुन्हा मावशीकडे आली. सुनेनं जाताना तिच्याकडे नुसतं बघितलं.

"जा," मावशी म्हणाली. "पाय बांधून ठेवीन."

नवं मीठ अजून पातळ होतं, दंताळ्याखाली कुरकुरत होतं. पहिली हाक निभावली. दुसरीही. मावशी मनाशी भिंगरीचं नाव घेत होती, म्हणजे सुनेचं येणार नाही. पण ऊन ते ऊन. दुपारी कंबर सरळ केली आणि तोंड आपल्या वाटेनं गेलं.

"तारवाल्याऽ!"

"ओऽ!"

"बोळक्याऽ!"

"व्होऽ!"

"सूनबाईऽ!"

शब्द तोंडातून गेला तेव्हा मावशीच्या लक्षात आलं. तिनं दंताळं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. ती परीक्षेला बसलीय, तिनं स्वतःला सांगितलं. बसलीय, पडलेली नाही. बांधावर गोणपाट वाऱ्यानं फडफडत होतं, आत काही दिसत नव्हतं. ओ येत नव्हती. उजवा पाय चिखलातून सुटला. तिनं तो परत रोवला. तो पुन्हा सुटला. बोळका आपल्या वाफ्यातून दोन्ही हात आडवे करून नको नको म्हणत होता. मावशीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तिनं एक पाऊल टाकलं.

भोंगा खरखरला.

"ओऽ!" चष्मेवाल्या बाईंचा आवाज सगळ्या मिठागरावरून गेला. ओ जरा शिकाऊच होती, आखूड, पण ओ होती. "मावशी, ती इथेच आहे. माझ्यासमोर आहे. लिहितेय. तुम्ही काम करा."

मावशी तिथेच उभी राहिली. पदरानं डोळे पुसायला गेली तर पदराचं मीठ डोळ्यांत गेलं आणि ती आणखीच रडली. बोळका हसत होता की रडत होता कळायला मार्ग नव्हता, त्याचं तोंड दोन्हीला सारखंच दिसे. मग तिनं घसा खाकरला आणि पुढची हाक मारली. रांग शेवटपर्यंत गेली. त्या दिवशी चष्मेवाल्या बाईंनी सुनेच्या बदली आणखी ओ दिल्या, आणि शेवटच्या तर अगदी ऐटीत लांबवल्या.

सून पास झाली. मावशीनं हे वस्तीतल्या प्रत्येकाला जाऊन सांगितलं. भोंग्यावरून सगळ्यांना आधीच समजलं होतं, तरी प्रत्येकानं तिच्याकडून पुन्हा ऐकून घेतलं.

पुढच्या हंगामात पंपघराला चुना लागला, दाराला पडदा आला, आणि वस्तीतली पोरं तिथे बसायला लागली. फोन तसाच काठीला बांधलेला असे, आता पोरांना चित्रं दाखवायला. पहिल्या दिवशी मावशी वाफ्यात उतरली तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. जरा वेळानं तिनं कंबर सरळ केली.

तारवाल्याची ओ आली. बोळक्याची व्होऽ आली. सुनेची ओ पंपघरातून आली, भरलेली, लांब. रांग शेवटच्या वाफ्यापर्यंत जाऊन संपली. मावशी थांबली. मग तिनं एक नवं नाव घेतलं.

"भिंगरेऽ!"

ओ आली नाही. मावशीचा उजवा पाय चिखलातून सुटला.

"आजी, मी लिहितेय!" पंपघरातून बारीक आवाज आला.

"लिहितेस तर लिही!" मावशी ओरडली. "पण आधी ओ दे!"

"ओऽऽऽ!"

मावशीनं पाय परत रोवला आणि मीठ ओढायला वाकली.